सॉफ्टवेअर पॅकेजचा सुधारणा-क्रमांक केव्हा वाढवावा? : पोर्ट्स व्यवस्थेच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरकर्त्यापर्यंत पोहोचविणाऱ्या पोर्ट्स व्यवस्थेत मूळ सॉफ्टवेअरच्या आवृत्ती-क्रमांकाबरोबरच पॅकेजचा स्वतःचा असा एक सुधारणा-क्रमांक असतो. हा क्रमांक केव्हा वाढवावा आणि केव्हा वाढवू नये, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि, सुरक्षाविषयक दुरुस्ती वापरकर्त्याच्या संगणकापर्यंत पोहोचते की नाही, हे पुष्कळदा याच क्रमांकावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीच्या पोर्ट्स संग्रहाचा आधार घेऊन आणि अन्य व्यवस्थांशी तुलना करून या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पोर्ट्स, पॅकेज, आवृत्ती-क्रमांक, सुधारणा-क्रमांक, अवलंबित्व, सामायिक लायब्ररी.

१. प्रस्तावना :

ग्रंथालयाशी संबंध असणाऱ्या कोणाही अध्यापकास ग्रंथाची ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांतील भेद परिचित असतो. लेखकाने मजकुरात बदल केला की नवी आवृत्ती निघते. मजकूर तोच ठेवून प्रती पुन्हा छापल्या की ते पुनर्मुद्रण होते. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते. मजकूर लेखकाचाच असतो, मात्र प्रकाशकाने मुद्रणदोष दुरुस्त केलेले असतात, वगळले गेलेले पान समाविष्ट केलेले असते किंवा शुद्धिपत्र जोडलेले असते. अशा प्रतीवर पूर्वीचीच ‘दुसरी आवृत्ती’ अशी नोंद राहिली, तर दोन वाचकांच्या हातातील ‘दुसरी आवृत्ती’ एकच राहत नाही. एकाने दिलेला संदर्भ दुसऱ्यास सापडत नाही आणि आपल्याजवळची प्रत सदोष आहे, हे कळण्याचा मार्गही उरत नाही.

सॉफ्टवेअरच्या वितरणात हीच तिसरी अवस्था नित्याची असते. मूळ निर्माते आपल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती प्रसिद्ध करतात. ती विशिष्ट कार्यप्रणालीवर चालावी म्हणून वितरण करणारे स्वयंसेवक तीत पॅच घालतात, पर्याय निवडतात, संचिकांची ठिकाणे बदलतात आणि मग पॅकेज तयार करतात. ग्रंथव्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर निर्माता हा लेखक आणि पोर्टचा देखभालकर्ता हा प्रकाशक होय. लेखकाने काहीही बदललेले नसताना प्रकाशकाने केलेला बदल वाचकास कसा कळवावा, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुधारणा-क्रमांक होय.

आज अनेक महाविद्यालयांतील ग्रंथालयांत कोहा ही मुक्त स्रोत प्रणाली वापरली जाते, तर संगणक विभागांत लिनक्स वा बीएसडी कुळातील कार्यप्रणाली शिकविल्या जातात. त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहिलेला नाही. ‘आपल्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअर सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रत्येक संस्थेला या क्रमांकाशी गाठ घालावीच लागते.

२. पोर्ट्स व्यवस्थेचे स्वरूप :

फ्रीबीएसडीचा पोर्ट्स संग्रह १९९४ पासून अस्तित्वात आहे. नेटबीएसडीची पीकेजीएसआरसी ही व्यवस्था १९९७ मध्ये त्यातूनच निघाली. ओपनबीएसडीनेही याच कल्पनेवर स्वतःचा संग्रह उभारला. फ्रीबीएसडीच्या संग्रहात आज ३०,००० हून अधिक पोर्ट आहेत.

पोर्ट म्हणजे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर नव्हे, तर ते तयार करण्याची कृती होय. मूळ संचिका कोठून उतरवून घ्यावी, तिचा चेकसम कोणता असावा, कोणते पॅच लावावेत, कोणत्या अन्य सॉफ्टवेअरवर ती अवलंबून आहे आणि अखेरीस कोणत्या संचिका कोठे बसवाव्यात, याच्या सूचना मेकफाइल व तिच्या सोबतच्या संचिकांत लिहिलेल्या असतात. या कृतीनुसार तयार झालेल्या वस्तूस पॅकेज असे म्हणतात. काही वापरकर्ते स्वतःच्या संगणकावर पोर्टपासून पॅकेज तयार करतात. तथापि, बहुसंख्य वापरकर्ते प्रकल्पाच्या संगणकांवर आधीच तयार झालेली पॅकेजे उतरवून घेतात.

कृती आणि पदार्थ यांतील हा भेद प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे. देखभालकर्ता कृतीत बदल करतो, वापरकर्त्यास मात्र पदार्थ मिळतो. कृतीतील प्रत्येक बदलाने पदार्थ बदलतोच असे नाही. उलटपक्षी, कृतीतील एक अक्षरही न बदलता पदार्थ बदललेला असू शकतो. सुधारणा-क्रमांकाविषयीचे बहुतेक गैरसमज हा भेद नजरेआड झाल्याने निर्माण होतात.

३. क्रमांकाची रचना :

फ्रीबीएसडीमध्ये पॅकेजच्या पूर्ण क्रमांकाचे तीन घटक असतात. पहिला घटक मूळ निर्मात्याने दिलेली आवृत्ती हा होय. दुसरा घटक पोर्टरिव्हिजन, म्हणजेच सुधारणा-क्रमांक; तो अधोरेषेनंतर लिहिला जातो. तिसरा घटक पोर्टइपॉक, म्हणजेच युग-क्रमांक. तो स्वल्पविरामानंतर येतो. उदाहरणार्थ, ‘१.४_२,१’ या क्रमांकात १.४ ही मूळ आवृत्ती, २ हा सुधारणा-क्रमांक व १ हा युग-क्रमांक आहे. सुधारणा-क्रमांक वा युग-क्रमांक शून्य असल्यास तो लिहिला जात नाही.

दोन पॅकेजांची तुलना करताना प्रथम युग-क्रमांक, नंतर मूळ आवृत्ती आणि शेवटी सुधारणा-क्रमांक पाहिला जातो. मूळ आवृत्ती पुढे गेली की सुधारणा-क्रमांक पुन्हा शून्यावर येतो. मात्र मूळ आवृत्ती तीच असेपर्यंत तो केवळ वाढतो, कधीही घटत नाही. एखादा पॅच सदोष ठरून काढून टाकला, तरी ‘_२’ वरून ‘_१’ वर परतता येत नाही. पॅच काढणे हाही वापरकर्त्याच्या दृष्टीने एक नवा बदलच असल्याने क्रमांक ‘_३’ होतो. अन्यथा ज्यांच्या संगणकावर सदोष ‘_२’ आहे, त्यांची प्रणाली आपल्याकडील पॅकेज अधिक नवे आहे असे समजून स्वस्थ राहील.

अन्य व्यवस्थांत हीच कल्पना निरनिराळ्या चिन्हांनी व्यक्त होते. पीकेजीएसआरसीमध्ये आवृत्तीपुढे ‘एनबी’ ही अक्षरे व अंक येतो. जेंटूमध्ये ‘-आर१’ अशी खूण असते. ओपनबीएसडीमध्ये ‘पी०’ पासून मोजणी सुरू होते. म्हणजे तेथे पहिल्याच सुधारणेचा क्रमांक शून्य असतो. डेबियनमध्ये संयोगचिन्हानंतरचा भाग हा वितरकाचा सुधारणा-क्रमांक असतो. चिन्हे भिन्न असली तरी प्रयोजन एकच आहे.

४. क्रमांक वाढविणे आवश्यक असणारे प्रसंग :

फ्रीबीएसडीच्या मार्गदर्शिकेतील नियमाचा आशय असा की, तयार होणाऱ्या पॅकेजमध्ये कोणत्याही प्रकारे फरक पाडणारा बदल झाल्यास सुधारणा-क्रमांक वाढविला पाहिजे. नेहमीचे पर्याय सोडून अन्य पर्याय निवडणाऱ्यांच्या पॅकेजवरच परिणाम होत असला, तरीही हा नियम लागू होतो. त्या अनुषंगाने पुढील प्रसंग महत्त्वाचे ठरतात.

अ) पॅच घालणे, बदलणे वा काढणे : सुरक्षेतील त्रुटी, अन्य दोष किंवा नवी सुविधा यांसाठी पॅच घातल्यास पॅकेजमधील आज्ञावली बदलते. येथे क्रमांक वाढविण्याविषयी दुमत असू शकत नाही.

आ) पर्यायांतील बदल : एखादी सुविधा आजवर बंद होती व ती आता पूर्वनिर्धारितपणे चालू केली, तर मूळ आवृत्ती तीच राहूनही वापरकर्त्यास वेगळे पॅकेज मिळते.

इ) संचिकांच्या यादीत वा स्थापनेच्या वेळी घडणाऱ्या क्रियांत बदल : पॅकेज बसविताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बदल झाला, तर मुख्य आज्ञावली जशीच्या तशी असूनही परिणाम बदलतो.

ई) चालविण्यासाठी लागणाऱ्या अवलंबित्वात बदल : पॅकेज चालण्यासाठी आवश्यक असलेले दुसरे पॅकेज पूर्वी नोंदवायचे राहून गेले असेल व ते आता नोंदविले, तर ही नोंद पॅकेजचाच भाग असल्याने क्रमांक वाढवावा लागतो. याउलट, केवळ तयार करतेवेळी लागणाऱ्या साधनात बदल झाला व पॅकेज तेच राहिले, तर त्याची आवश्यकता नसते.

उ) सामायिक लायब्ररीच्या आवृत्तीत बदल : या प्रसंगी देखभालकर्त्याने आपल्या पोर्टला हातही लावलेला नसतो. त्याचे स्वतंत्र विवेचन पुढे केले आहे.

ऊ) मूळ संचिकेतील मूक बदल : काही वेळा निर्माते आवृत्ती-क्रमांक न बदलता त्याच नावाची संचिका बदलून ठेवतात. पोर्टमध्ये नोंदविलेला चेकसम जुळत नाही, तेव्हा हे उघडकीस येते. अशा वेळी नवा चेकसम नोंदवून मोकळे होणे घातक असते. प्रथम जुन्या व नव्या संचिकांची ओळीनिहाय तुलना करून बदल निर्मात्यानेच केला आहे की संचिकेत कोणी ढवळाढवळ केली आहे, हे तपासावे लागते. बदल विश्वसनीय असून आज्ञावलीत लक्षणीय फरक असेल, तर सुधारणा-क्रमांक वाढवावा.

५. क्रमांक न वाढविण्याचे प्रसंग :

क्रमांक वाढविणे हा सावधगिरीचा उपाय आहे, मग तो प्रत्येक वेळी का वाढवू नये, अशी शंका येथे उपस्थित होऊ शकते. तिचे उत्तर असे की, वाढविलेल्या प्रत्येक क्रमांकाची किंमत वापरकर्त्यास मोजावी लागते. क्रमांक वाढला की प्रकल्पाचे संगणक ते पॅकेज पुन्हा तयार करतात आणि ज्यांच्याकडे ते आहे, त्या सर्वांना ते पुन्हा उतरवून बसवावे लागते. लिब्रेऑफिस किंवा क्रोमियमसारखे अवाढव्य सॉफटवेअर सामान्य संगणकावर मूळ संचिकांपासून तयार करण्यास कित्येक तास लागतात. मेकफाइलमधील दोन रिकाम्या ओळी काढल्याबद्दल इतके श्रम कोणाकडूनही घेणे योग्य नव्हे. शिवाय निरर्थक सूचना वारंवार येऊ लागल्या, म्हणजे महत्त्वाच्या सूचनेकडेही दुर्लक्ष होते.

म्हणून मेकफाइलची मांडणी नीटनेटकी करणे, मूळ संचिका उतरवून घेण्याचा पत्ता बदलणे अथवा वापरकर्त्याने अद्ययावत करण्याचे कष्ट घ्यावेत इतके महत्त्व नसलेली शुद्धलेखनाची किरकोळ दुरुस्ती करणे, यांसाठी क्रमांक वाढविला जात नाही. किरकोळ दुरुस्ती पुढील महत्त्वाच्या बदलासोबत आपोआप पोहोचते.

या वर्गातील सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग म्हणजे पोर्ट तयारच होत नसताना ते तयार होईल अशी दुरुस्ती करणे. देखभालकर्त्याच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी असते, तरीही क्रमांक वाढवायचा नसतो. कारण सरळ आहे. सुधारणा-क्रमांक पॅकेजच्या अंतरंगाचे वर्णन करतो आणि येथे जुने पॅकेज अस्तित्वातच नव्हते. ज्याच्याकडे जुनी प्रत नाही, त्याला ‘तुमची प्रत जुनी झाली’ असे सांगण्यात अर्थ नाही. मात्र येथे एक अट आहे. हीच दुरुस्ती, जेथे पोर्ट पूर्वीपासून व्यवस्थित तयार होत होते अशा अन्य संगणक-रचनेवरील पॅकेजमध्ये काही फरक पाडत असेल, तर तेथील वापरकर्त्यांसाठी क्रमांक वाढवावाच लागतो.

नियम व अपवाद यांच्या सीमेवरील प्रसंगांसाठी मार्गदर्शिका एक तारतम्याची कसोटी सुचविते. या बदलापासून काही वापरकर्त्यांना तरी लाभ होणार आहे काय, हे प्रथम पाहावे आणि सर्वांना अद्ययावत होण्यास भाग पाडण्याच्या भाराशी त्या लाभाची तुलना करावी. लाभाचे पारडे जड असेल तर क्रमांक वाढवावा.

६. इतरांच्या बदलामुळे वाढणारा क्रमांक :

पॅकेजे एकमेकांवर अवलंबून असल्याने एका ठिकाणचा बदल दूरवर पोहोचतो. आयसीयू या लायब्ररीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. युनिकोडमधील मजकुराची हाताळणी, भाषेनुसार वर्णक्रम लावणे इत्यादी कामे ही लायब्ररी करते. देवनागरी मजकुराचा वर्णक्रमही त्यात येतो. लिब्रेऑफिससह अनेक सॉफ्टवेअर तिच्यावर अवलंबून आहेत. आयसीयूच्या सामायिक लायब्ररीच्या संचिकानामातच प्रमुख आवृत्तीचा क्रमांक असतो आणि २०१२ मध्ये क्रमांकपद्धती बदलून ४९ ही आवृत्ती आल्यापासून हा प्रमुख क्रमांक प्रत्येक नव्या प्रमुख प्रकाशनाबरोबर वाढत आला आहे.

आता नवी आयसीयू संग्रहात आली, पण तिच्यावर अवलंबून असणाऱ्या पोर्टांचे क्रमांक तसेच राहिले, असे समजू. जुन्या आयसीयूला जोडून तयार झालेले पॅकेज जुन्याच नावाची लायब्ररी शोधते. ती आता संगणकावर नसते, आणि परिणामी सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. पुन्हा तयार केलेले पॅकेज नव्या लायब्ररीला जोडलेले असते, म्हणजे पदार्थ बदललेला असतो. परंतु नावावरून तो भेद ओळखता येत नाही. म्हणून लायब्ररी अद्ययावत करणाऱ्यानेच तिच्यावर अवलंबून असणाऱ्या सर्व पोर्टांचे सुधारणा-क्रमांक त्याच वेळी वाढवावेत, असा प्रघात आहे.

याहून सूक्ष्म प्रसंग स्थिर जोडणीचा असतो. गो या भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या भाषेची प्रमाण लायब्ररी तयार पॅकेजच्या आतच समाविष्ट होते. प्रमाण लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती झाली, तरी पूर्वी तयार झालेल्या पॅकेजमध्ये जुना, सदोष भाग तसाच राहतो. येथे सॉफ्टवेअर सुरूच न होणे यासारखे बाह्य लक्षणही दिसत नाही. सर्व काही सुरळीत चालत असते आणि दोष मात्र आत कायम असतो. म्हणून गो अद्ययावत झाल्यावर तिच्या साहाय्याने तयार होणाऱ्या पोर्टांचे क्रमांक एकत्रितपणे वाढविले जातात.

केवळ पुनर्निर्मितीसाठी क्रमांक वाढविणे वेगळे दाखवावे, असा विचार डेबियनने केलेला दिसतो. तेथे मूळ कृतीत कोणताही बदल न करता पॅकेज पुन्हा तयार केल्यास ‘+बी१’ अशी स्वतंत्र खूण लावली जाते. वितरकाने केलेली सुधारणा आणि निव्वळ पुनर्निर्मिती यांतील भेद त्यामुळे नावातच स्पष्ट होतो.

७. क्रमांकाचे व्यावहारिक मोल : दोन घटना

पहिली घटना ‘हार्टब्लीड’ या त्रुटीची होय. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतील ही त्रुटी जाहीर झाली. तिचा गैरफायदा घेऊन दूरस्थ व्यक्तीला प्रत्येक मागणीगणिक सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा भाग वाचता येत असे. १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या सदोष होत्या व निर्मात्यांनी १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्ती केली. त्या वेळी डेबियन ७ मध्ये १.०.१ई ही आवृत्ती होती. डेबियनने नवी आवृत्ती न घेता केवळ दुरुस्तीचा पॅच जुन्या आवृत्तीस लावला व ‘१.०.१ई-२+डेब७यू५’ या क्रमांकाचे पॅकेज प्रसिद्ध केले.

याचा अर्थ असा की, केवळ ‘१.०.१ई’ एवढेच पाहणाऱ्यास आपला सर्व्हर सुरक्षित आहे की असुरक्षित, हे कळणे शक्य नव्हते. ‘यू४’ आणि ‘यू५’ यांतील एका अंकाचा फरक हीच काय ती खूण होती. लगेचच ‘यू६’ हे पॅकेजही आले. त्यातील बदल मुख्यतः स्थापनेच्या वेळी चालणाऱ्या क्रियेविषयी होता. जुनी लायब्ररी स्मृतीत धरून बसलेल्या कोणत्या सेवा पुन्हा सुरू करावयास हव्यात, हे तपासण्याची सोय त्यात केली होती. लायब्ररी दुरुस्त होऊनही सेवा पुन्हा सुरू केली नाही, तर दुरुस्तीचा उपयोग होत नाही. स्थापनेच्या क्रियेतील बदलासाठीही क्रमांक का वाढवावा, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

दुसरी घटना त्याआधीची व उलट स्वरूपाची आहे. १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर केले की, त्यांच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये तयार झालेल्या गुप्त किल्ल्यांचा अंदाज बांधता येतो. हा दोष मूळ ओपनएसएसएलमध्ये नव्हता. तो डेबियनच्या स्वतःच्या पॅचमुळे सप्टेंबर २००६ मध्ये ‘०.९.८सी-१’ या पॅकेजपासून शिरला होता. त्या वेळच्या स्थिर वितरणासाठी तो ‘०.९.८सी-४एच३’ या पॅकेजमध्ये दूर करण्यात आला. लक्षणीय बाब ही की, दोषयुक्त पॅकेज आणि दोषमुक्त पॅकेज या दोहोंची मूळ आवृत्ती ०.९.८सी हीच होती. दोष वितरकाने निर्माण केला, वितरकानेच दूर केला. म्हणून त्याची हद्द सांगण्यास वितरकाचाच क्रमांक उपयोगी पडला.

फ्रीबीएसडीमध्ये ज्ञात त्रुटींची सूची व्हीयूएक्सएमएल या संग्रहात ठेवली जाते आणि ‘पीकेजी ऑडिट’ ही आज्ञा संगणकावरील पॅकेजे त्या सूचीशी ताडून पाहते. ही तुलना नाव व पूर्ण क्रमांक यांच्या आधारेच होते. सुरक्षेचा पॅच घालूनही क्रमांक वाढविला नाही, तर सूचीमध्ये ‘या क्रमांकापूर्वीची पॅकेजे सदोष’ अशी रेषा ओढणेच अशक्य होते. सदोष व निर्दोष पॅकेज एकाच नावाने वावरू लागतात.

८. मागे जाण्याची समस्या आणि युग-क्रमांक :

सुधारणा-क्रमांकाने न सुटणारी एक समस्या उरते. ती म्हणजे मूळ आवृत्तीच मागे घ्यावी लागणे. मार्च २०२४ च्या अखेरीस एक्सझेड या संकोचन-सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले. वितरकांना तातडीने जुन्या आवृत्तीकडे परतावे लागले. परंतु ५.४ ही संख्या ५.६ हून लहान असल्याने तिला अद्ययावत पॅकेज म्हणून कोणतीही प्रणाली स्वीकारणार नाही. डेबियनने त्या वेळी ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ असा क्रमांक दिला. दिसण्यास ५.६.१ च्या पुढचा, परंतु प्रत्यक्षात ५.४.५ चा, असा हा क्रमांक होता.

फ्रीबीएसडीमध्ये अशा प्रसंगासाठी युग-क्रमांकाची योजना आहे. निर्मात्याने क्रमांकपद्धती बदलल्यासही, उदाहरणार्थ तारखेवरून दिलेला ‘२००००८०१’ हा क्रमांक सोडून ‘१.०’ वर आल्यासही, तोच वापरला जातो. मात्र युग-क्रमांक एकदा वाढविला की तो कधीही घटत नाही आणि मूळ आवृत्ती वाढली तरी शून्यावर येत नाही. तो पोर्टच्या नावास कायमचा चिकटतो. म्हणून त्याचा वापर अगदी निरुपाय झाल्यासच करावयाचा असतो.

९. एक कल्पित उदाहरण :

वरील सर्व विवेचन एकत्र पाहता यावे म्हणून ‘ग्रंथसूची’ नावाचे एक कल्पित पोर्ट घेऊ. त्याचा प्रवास पुढीलप्रमाणे होईल.

१) पोर्ट प्रथम संग्रहात येते : १.४
२) मूळ संचिकेचा पत्ता बदलतो : १.४ (बदल नाही)
३) सुरक्षेचा पॅच घातला जातो : १.४_१
४) एका संगणक-रचनेवर पोर्ट तयार होत नव्हते, ते होऊ लागते, अन्यत्र परिणाम नाही : १.४_१ (बदल नाही)
५) आयसीयूची नवी आवृत्ती संग्रहात येते : १.४_२
६) निर्माते नवी आवृत्ती काढतात : १.५
७) १.५ मध्ये गंभीर दोष आढळून १.४ कडे परतावे लागते : १.४,१
८) निर्माते दोषमुक्त आवृत्ती काढतात : १.६,१

दुसऱ्या व चौथ्या पायरीवर देखभालकर्त्याने काम केले, पण क्रमांक वाढला नाही. पाचव्या पायरीवर ‘ग्रंथसूची’च्या आज्ञावलीत काहीही घडले नाही, तरी क्रमांक वाढला. क्रमांक देखभालकर्त्याच्या श्रमांची मोजदाद करीत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

१०. हा निर्णय यंत्रावर सोपविता येईल काय?

काही अंशी तो सोपविला गेला आहे. फ्रीबीएसडीचे पीकेजी हे साधन अद्ययावत करतेवेळी केवळ क्रमांक पाहत नाही. पॅकेजला लागणारी सामायिक लायब्ररी, निवडलेले पर्याय वा थेट अवलंबित्व बदलले असल्यास, क्रमांक तोच असूनही ते पॅकेज पुन्हा बसविण्याचे सुचविते. पॅकेजे सामूहिकरीत्या तयार करणारे पूद्रिएर हे साधनही पर्याय व अवलंबित्व यांतील बदल ओळखते. जेंटूने २०१२ मधील ईएपीआय ५ या नियमसंचात, लायब्ररी बदलल्यास तिच्यावर अवलंबून असणारी पॅकेजे आपोआप पुन्हा तयार व्हावीत, अशी सोय केली.

तथापि, ही साधने पॅकेजच्या बाह्य नोंदी वाचतात. सोर्समधील पॅचने आज्ञावलीच्या वर्तनात काय फरक पडला आणि तो वापरकर्त्याच्या दृष्टीने कितपत महत्त्वाचा आहे, हे त्यांना कळत नाही. दोन पॅकेजांची अक्षरशः तुलना करावी, तर तयार करतेवेळच्या तारखेसारख्या नोंदींमुळे तीच कृती दोनदा केली तरी भिन्न पॅकेज निर्माण होऊ शकते. म्हणजे प्रत्येक भेद अर्थपूर्ण नसतो. अर्थपूर्ण भेद कोणता, हे ठरविण्याचे उत्तरदायित्व अखेरीस देखभालकर्त्याकडेच राहते.

११. निष्कर्ष :

१) सुधारणा-क्रमांक हा कृतीतील बदलाचा नव्हे, तर वापरकर्त्याच्या हाती पडणाऱ्या पॅकेजमधील बदलाचा निदर्शक आहे. म्हणून देखभालकर्त्याने ‘आपण काय बदलले?’ असे न विचारता ‘घेणाऱ्याच्या हाती काही वेगळे पडणार आहे काय?’ असे विचारावयास हवे.

२) क्रमांक न वाढविण्याची चूक अधिक गंभीर आहे, कारण तिच्यामुळे दुरुस्ती अस्तित्वात असूनही पोहोचत नाही व तसे झाल्याचे कोणास कळतही नाही. अकारण वाढविण्याची चूक दिसून येते, परंतु तिचा भार असंख्य वापरकर्त्यांवर पडतो.

३) सामायिक लायब्ररी व स्थिर जोडणी यांच्या बाबतीत इतरांच्या बदलामुळेही क्रमांक वाढवावा लागतो. अशा वेळी बदल करणाऱ्यानेच अवलंबून असणाऱ्या सर्वांचा विचार करणे अपेक्षित आहे.

४) आपल्या संस्थेतील सर्व्हरची सुरक्षा तपासताना केवळ मूळ आवृत्ती पाहून निष्कर्ष काढणे दोन्ही बाजूंनी दिशाभूल करणारे ठरू शकते. वितरकाच्या सुधारणा-क्रमांकासह संपूर्ण क्रमांक पाहणे आवश्यक आहे.

५) संगणकशास्त्राच्या अध्यापनात आज्ञावली-लेखनास मिळणारे महत्त्व वितरण व देखभालीस क्वचितच मिळते. विद्यार्थ्यांना एखाद्या प्रत्यक्ष पोर्टमधील बदलांचा इतिहास देऊन प्रत्येक बदलासाठी क्रमांक वाढवावयास हवा होता काय, हे सकारण लिहावयास सांगितल्यास प्रात्यक्षिकाचा एक चांगला भाग तयार होऊ शकेल. ज्या वापरकर्त्यास आपण कधीही पाहणार नाही, त्याच्या बाजूने विचार करण्याची सवय अशा अभ्यासातून लागण्यास साहाय्य होईल.